वाचल्याची पोच

१ ऑगस्ट, शुक्रवार

ही डायरी जानेवारीत बियाण्याच्या दुकानातून मिळाली होती, कोरीच पडून होती. मेलच्या कंपनीकडे तक्रार केली की तिथला माणूस एक लांबलचक क्रमांक सांगतो आणि पुढच्या वेळी तोच विचारतो. चिठ्ठ्यांवर लिहिलेले क्रमांक सापडत नाहीत. आजपासून इथे लिहीन.

तक्रार अशी आहे. आमच्या सेंद्रिय भाजीपाला गटाच्या ई-मेलवर आलेले मेल नाहीसे होतात. दुपारी फोनवर सूचना दिसते, पाठवणाऱ्याचं नाव दिसतं. तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत असतो, मुलांच्या हातात ॲसिडच्या बाटल्या असतात, फोन घेऊन बसता येत नाही. संध्याकाळी घरी येऊन लॅपटॉप उघडावा तर पेटी रिकामी. फोनवरही रिकामी. कचऱ्यात नाही, दुसऱ्या कप्प्यात नाही.

गटाची सचिव सुप्रिया होती. ती एप्रिलमध्ये गेली. तेरवीच्या दिवशीच गटाचे अध्यक्ष चंपतकाका म्हणाले, नवा सचिव होईपर्यंत टपाल तू पाह्यत जाय. मी मान हलवली. सुप्रियाने पासवर्ड मला आजारपणात सांगून ठेवला होता.

काका आज फाटकातच उभे राहिले. आत येत नाहीत, चपला चिखलाच्या असतात.

"त्या प्रमाणपत्रवाल्या बाईचा मले फोन आलता. म्हने तुमी उत्तरच देऊन नाई राह्यले. काहून देत नाई बा?"

म्हटलं, मेलच मिळत नाही, काका.

"तुले नाई मिळत, मंग कोनाले मिळते? हवा खाऊन राह्यली काय?" मग म्हणाले, "ते प्रमाणपत्र गेलं तं पुन्हा पयल्यापासून तीन वर्सं, धीरज. साऱ्याइले. तीन वर्सं आमी फवाऱ्याले हात नाई लावला, तवा भेटलं ते. तुह्या बायकोनं एकएकाच्या घरी जाऊन डोकं खाल्लं, तवा भेटलं."

मला ते माहीत आहे. सांगायची गरज नव्हती.

४ ऑगस्ट, सोमवार

कंपनीला फोन. आधी गाणं ऐकवलं, मग हिंदीत एक मुलगा. त्याने मला पेटी रिकामी आहे हे तीनदा वाचून दाखवायला लावलं. शेवटी म्हणाला, सर, आमच्याकडून सगळं ठीक आहे. तक्रार बंद केली आणि सेवेला किती गुण द्याल म्हणून विचारलं.

घरी बोलायला कोणी नाही, म्हणजे सासूबाई आहेत. फेब्रुवारीत सुप्रियाच्या सेवेसाठी धनजहून आल्या, त्या अजून इथेच आहेत. आमच्या दोघांचं बोलणं चौदा वर्षं सुप्रियामार्फत होत आलं. आता मधे कोणी नाही. त्या भिंतीकडे पाहून "भाकरी झाली" म्हणतात आणि मी ताटावर बसतो. मधल्या खोलीत त्या झोपतात. सुप्रिया त्याच खोलीत गेली. मी तिथे जात नाही. सासूबाई असतात तिथे जावयाने जाऊही नये.

सकाळी आंघोळ झाली की त्या उदबत्ती घेऊन आत जातात, दार लोटून घेतात. दिवेलागणीला पुन्हा. आतून घंटीचा एखादा बारीक आवाज येतो. चालायचंच. त्यांची मुलगी होती.

पण खरं लिहायचं तर त्यांनी आता धनजला जावं असं मला वाटतं. त्यांचा मुलगा रामराव दर आठवड्याला फोन करून बोलावतो. लोकही विचारतात, सासू अजून इथंच का. हे त्यांना सांगायचं कसं ते मला कळत नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

काल संध्याकाळपासून डीपी जळालेली, लाईट नाही. वायफायही बंद. लॅपटॉपमध्ये थोडी बॅटरी होती, फोनचं नेट जोडून सहज पाहिलं तर पेटीत तीन मेल. तिन्ही जागेवर.

दोन भाजीच्या मागणीचे. तिसरा प्रमाणपत्रवाल्या संस्थेचा, "श्रीमती सुप्रिया यांस". मजकूर असा की नाल्याकडच्या वाफ्यातल्या पालकाच्या नमुन्यात औषधाचा अंश सापडला आहे, त्याबद्दल खुलासा मागवणारा अर्ज आम्ही जुलैमध्ये पाठवला होता, उत्तर नाही, हे पहिलं स्मरणपत्र.

जुलैचा तो मेल मी पाहिलेलाच नाही. आणि नाल्याकडचा वाफा आमचाच.

अर्ज पुन्हा पाठवा, असं लगेच उत्तर लिहिलं. तेवढ्यात बॅटरी संपली. उत्तर गेलं असावं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

गेलं होतं. त्यांनी काल दुपारी अर्ज पाठवला. फोनवर दिसला, पण फाईल फोनवर उघडेना. घरी येईपर्यंत मेल गायब. लाईट रविवारीच आली आहे, म्हणजे लाईटमुळे मेल टिकले असं म्हणावं तर आता लाईट असूनही टिकत नाहीत. मला यात काही कळत नाही आणि ज्यांना कळायला हवं ते गुण विचारतात.

१४ ऑगस्ट, गुरुवार

बसस्टँडजवळ मोहनसिंगचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. गटाची वेबसाईट आणि मेल त्यानेच सुरू करून दिले होते. तोंडात सुपारी, समोर उघडलेले तीन प्रिंटर. माझं ऐकून घेतलं.

"सर, हा मेल आजून कोनी उघडून राह्यलं काय?"

नाही म्हटलं.

"घरी दुसरा कॉम्प्युटर हाय ना? ताईचा?"

"आहे. पण तो बंद असतो."

"पक्का बंद?"

"चार महिने झाले. कोण लावणार?"

"मंग भूत हाय, सर," असं म्हणून हसला आणि लगेच त्याचा चेहरा पडला. ताई गेल्याचं त्याच्या लक्षात आलं असावं. मग उगाच लॅपटॉपमधली धूळ उडवून दिली. पैसे घेतले नाहीत.

२३ ऑगस्ट, शनिवार

काल पोळा झाला. यंदा आपल्याकडे काही नाही, पण रामरावने बैलजोडी नवीन घेतली म्हणून सासूबाईंना बुधवारी येऊन घेऊन गेला. जाताना त्यांनी मधल्या खोलीला कडी लावली आणि भिंतीला सांगितलं, "दोन रोज लागतीन."

तीन दिवस घर एकट्याचं. आणि मेल येत आहेत, राहत आहेत. बुधवारपासून एकही गायब नाही. कंपनीने मुकाट्याने दुरुस्त केलं असणार. चूक कबूल करायची नाही म्हणून कळवलं नाही. गेल्या आठवड्यात आलेला अर्जही असाच गेला, म्हणून पुन्हा मागितला आहे, पण सुट्ट्यांमुळे सोमवारी मिळेल असं दिसतं.

भाकरी मला जमत नाही. पोहे, पोहे, खिचडी.

२५ ऑगस्ट, सोमवार

सासूबाई काल आल्या. येताना तुरीची डाळ आणि गवारीच्या शेंगा आणल्या. जातानाच चार दिवसांचं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

अर्ज आज दुपारी आला, फोनवर दिसला. उद्या कॉलेजच्या प्रिंटरवर काढायचा म्हणून घरी येताच लॅपटॉप उघडला. नाही. रागाने लॅपटॉप जोरात मिटला. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि परत गेल्या.

२८ ऑगस्ट, गुरुवार

आज न राहवून संस्थेच्या बाईंना मीच फोन लावला. म्हटलं, तुमचा अर्ज आम्हाला पोचत नाही.

"पोचत नाही कसा? आमच्याकडे वाचल्याची पोच आली आहे. प्रत्येक वेळी आली आहे. सोमवारचा मेल तुम्ही संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला वाचला आहे."

मी तेव्हा बसमधून उतरत होतो.

त्या म्हणाल्या, "हे बघा, तुम्ही कोण बोलताय? सचिव सुप्रिया मॅडम आहेत ना? त्यांना फोन द्या."

मी म्हटलं, त्या सध्या बोलू शकत नाहीत.

का तसं म्हटलं ते माहीत नाही. ती गेली एवढंच म्हणायचं होतं. चार महिन्यांत ते वाक्य मी कोणाला म्हटलेलंच नाही, म्हणायची वेळच आली नाही, वाशीममध्ये सगळ्यांना आपोआप कळलं. बाईंचा आवाज मऊ झाला. तब्येत बरी नाही का, म्हणाल्या. मी हूं म्हटलं. शेवटची मुदत ८ सप्टेंबर, त्यानंतर गटाचं प्रमाणपत्र स्थगित. आता अर्ज पुन्हा पाठवणार नाही, चार वेळा पाठवला आहे, चारही वेळा तुम्ही वाचला आहे.

कोणीतरी वाचतं आहे. हे आता नक्की झालं.

३० ऑगस्ट, शनिवार

आज एक काम बिघडवून आलो. सुप्रिया असताना पासवर्ड आणखी कोणाला माहीत असणार तर अध्यक्षांना. म्हणून चंपतकाकांच्या मळ्यात जाऊन विचारलं. सरळ विचारलं नाही. गटाचे मेल तुमच्याकडे कोणी पाहतं का, असं म्हटलं.

काका वांगी तोडत होते. कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"म्हंजे म्या चोरतो?"

"तसं नाही, काका."

"मंग कसं? मले फोनवर नाव वाचता येत नाई, हिरवं बटन पाहून उचलतो, अन् म्या मेल चोरतो. वा रे मास्तर." टोपली उचलून पुढच्या ओळीत गेले. तिकडूनच म्हणाले, "तिचं नाव बदलून टाक म्हनून चार खेपा सांगतलं. तुह्यानं तेवढं होत नाई, अन् चोर धुंडाले निंगाला."

वांगी द्यायचे ते दरवेळी. आज दिली नाहीत.

१ सप्टेंबर, सोमवार

पासवर्ड बदलला. नवा पासवर्ड इथे लिहीत नाही. आता ज्याला कोणाला वाचायचं असेल त्याने वाचून दाखवावं.

३ सप्टेंबर, बुधवार

जमलं. सोमवारपासून आलेला प्रत्येक मेल लॅपटॉपवर आहे, फोनवर आहे. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. म्हणजे खरंच कोणीतरी घेत होतं.

पण जुने मेल गेले ते गेलेच, अर्जही. बाईंना रोज फोन करतो, त्या उचलत नाहीत. परवापासून त्यांना सलग सुट्ट्या आहेत, ईद आणि गणपती विसर्जन. मग थेट सोमवार, ८ तारीख. मनाने खुलासा लिहून पाठवला तर उत्तर आलं की विहित अर्जातच पाठवावा.

घरात सासूबाईंचं बिनसलं आहे. काल जेवल्या नाहीत. आज भाकरी एकट्या माझ्यापुरती टाकली. उदबत्ती घेऊन आत जातात आणि लगेच बाहेर येतात. दुपारी रामरावचा फोन आला, आई येतो म्हणते, रविवारी न्यायला येऊ का. मी या म्हटलं. मला हेच हवं होतं, पण त्यांच्या पिशवीत घड्या केलेली लुगडी पाहिली तेव्हा बरं वाटलं नाही. माझ्याकडून काही चुकलं का, असं विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

६ सप्टेंबर, शनिवार

सगळं क्रमाने लिहितो.

सकाळी मी अंगणात दाढी करत होतो. सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. भिंतीकडे नाही, माझ्याकडे पाहून बोलल्या.

"बापू, सुप्रियाच्या त्या टीव्हीवर एक खिडकी येऊन राह्यली. जातच नाई. पाच रोज झाले. म्या काई केलं नाई, देवाशपत."

मला काही कळेना. कोणता टीव्ही? त्या मधल्या खोलीकडे चालू लागल्या, दार उघडून बाजूला झाल्या. मी उंबऱ्यावर थांबलो. "या," म्हणाल्या.

आत संगणक चालू होता. पडद्यावर एक चौकट: पासवर्ड चुकीचा आहे, पुन्हा टाका. चौकटीच्या मागे मेलची यादी. एप्रिलपासूनची. सगळे मेल. सगळेच्या सगळे.

समोर उदबत्तीचं घर, राखेचा ठिपका टेबलाच्या काचेवर.

सासूबाईंकडून कळलं ते असं: आजारपणात सुप्रियाला उठवत नव्हतं. तेव्हा सकाळी चहा झाला की ती म्हणायची, आई, ते गोल बटन दाब. मेलचा कार्यक्रम आपोआप सुरू होतो, पेटीतलं सगळं ओढून या संगणकात घेतो आणि तिकडची पेटी रिकामी करतो. शेतांचे फोटो येऊन ती पेटी भरायची म्हणून तिनेच तसं करून ठेवलं असणार. नवीन मेल आला की टिंग वाजायचं. आई, जाड अक्षराची ओळ आली ना, तिच्यावर दाब. मग ती उशीवरून वाचायची.

"पोरगी गेली तरी ते येतच राह्यले," सासूबाई म्हणाल्या. "म्या म्हनलं, लोक पोरीले इचारून राह्यले. बंद कसं कराव? दाबलं नाई तं त्याइले वाटीन, कोनी पाह्यलंच नाई."

"काय लिहिलं होतं ते कोणाला विचारलं नाही?"

"मले कुठं वाचता येते. दाबलं का अक्षर बारीक होते. झालं, पाह्यलं आपुन."

मग हळूच म्हणाल्या, "सोमवारपासून एकबी नाई आला. म्हनलं, इसरले लोक. मंग आता इथं राहून काय करू."

मी तिच्या खुर्चीवर बसलो. चौकटीत नवा पासवर्ड टाकला. टिंग, टिंग, टिंग. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मी राग शोधत होतो. सव्वा महिना मी कंपनीशी भांडलो, काकांना चोर ठरवलं. राग कुठेच सापडेना, आणि त्याचाच त्रास झाला.

अर्ज तिथे चार वेळा होता.

७ सप्टेंबर, रविवार

रामराव आला होता. सासूबाई त्याला म्हणाल्या, तू जाय, मंग पाहू. तो माझ्याकडे पाहत राहिला. मी पाणी आणायला आत गेलो.

अर्ज भरला. पालकाबद्दल जे खरं ते लिहिलं: वरच्या अंगाच्या शेतातलं पाणी पावसात आमच्या वाफ्यात उतरतं, बांध घालायचं काम यंदा घरातल्या आजारपणामुळे राहिलं. खाली सचिवाची सही. सचिव बदलला असल्यास कारण आणि पुरावा.

सासूबाई बाजूला स्टुलावर बसल्या होत्या.

"काय लिवता?"

"सुप्रिया गेली, असं."

"त्याइले मालूम नाई?"

"नाही."

"आतालोक?"

"नाही. म्हणूनच तिला लिहीत होते. कामाचे तगादे होते ते, आई. विचारपूस नव्हती."

'आई' तोंडातून गेलं.

"मंग सांगा त्याइले," म्हणाल्या. "मेलेल्या पोरीच्या मांगं तगादा बरा नाई."

कारण या रकान्यात मी लिहिलं: निधन. मृत्यूचा दाखला जोडला. संध्याकाळी पाठवला, मुदतीच्या आत.

चंपतकाकांकडेही जाऊन आलो. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे चोर तुह्याच घरात, अन् तू माह्या वांग्यात धुंडून राह्यला." वांगी दिली.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

संस्थेचा निर्णय आला. मेल माझ्या नावाने होता, लॅपटॉपवरही आणि मधल्या खोलीतही. काल मोहनसिंगने तशी व्यवस्था करून दिली: इथून वाचला तरी तिथे राहतो, तिथून वाचला तरी इथे राहतो. एवढीशी खूण करायची होती. "एक खूण, सर," तो पुन्हापुन्हा म्हणत होता. मला ते ऐकवत नव्हतं.

पहिल्या ओळीत सुप्रियाबद्दल दुःख व्यक्त केलं आहे. तेवढी ओळ सासूबाईंनी दोनदा वाचून घेतली.

पुढे असं की गटाचं प्रमाणपत्र कायम राहील. मात्र पालक वाफ्यात उभा असताना खुलासा न आल्याने फेरनमुना घेता आला नाही, म्हणून नाल्याकडचा वाफा गटातून वगळत आहोत. तो पुन्हा घ्यायचा असेल तर नव्याने नोंदणी करावी, तीन वर्षं.

वगळला तो सुप्रियाचा वाफा. गटात सर्वांत आधी तिने तोच नोंदवला होता. वेळेत दिसलं असतं तर वाचला असता. कंपनीवर फोडावं तर कंपनी निर्दोष, आणि घरात कोणाला काय म्हणणार. दिवसभर डोकं दुखत होतं.

सासूबाईंना सांगावं की नाही, ठरत नव्हतं. त्यांनीच विचारलं, म्हणून सांगितलं. सगळं सांगितलं, का गेला तेही.

त्या उठून चुलीपाशी गेल्या. भाकरी टाकली. मी जेवलो, त्या जेवल्या नाहीत.

१४ सप्टेंबर, रविवार

काल दिवसभर त्या नाल्याकडे होत्या. फावडं घेऊन बांध टाकत होत्या. मी म्हटलं, मजूर लावू. म्हणाल्या, लावा ना, म्या कुठं अडवलं, आन् फावडं सोडलं नाही. मग मीही गेलो. दोघांनी न बोलता संध्याकाळपर्यंत अर्धा बांध घातला.

आज सकाळी नव्या नोंदणीचा अर्ज उघडला. मधल्या खोलीतल्या संगणकावरच. पालक लावणार का मेथी, ते विचारलं. "आंदी बांध," म्हणाल्या.

एका रकान्याशी अडलो. जमीन प्रत्यक्ष कसणाऱ्याचं नाव. जुन्या अर्जात तिथे सुप्रियाचं होतं. मी कॉलेजात असतो, माझं नाव लिहिलं तर तपासणीला आलेला माणूस पहिल्याच फेरीत विचारेल. मजुराचं लिहिता येत नाही. तीन वर्षं तोच माणूस राहायला हवा, असं खाली बारीक अक्षरात आहे. ते त्यांना वाचून दाखवलं.

"तीन वर्सं?"

"तीन."

त्यांनी हाताच्या फोडाकडे पाहिलं. "माहं लिवा."

म्हटलं, रामराव काय म्हणेल. लोक काय म्हणतील तेही मनात होतं, ते बोललो नाही.

"त्याले बायको हाय, लेकरं हायेत, नवे बैल हायेत," म्हणाल्या. "लिवा."

त्यांचं पूर्ण नाव मला माहीत नव्हतं. चौदा वर्षांत लागलं नव्हतं. विचारलं. त्यांनी सावकाश सांगितलं, मी टाइप केलं: जिजाबाई महादेव राऊत. हे कुठं लिवलं, दाखवा म्हणाल्या. बोट ठेवून दाखवलं. त्यांनी ती ओळ नीट पाहून घेतली.

पुढचा रकाना ई-मेलचा. त्यांनी विचारलं, हे काय. म्हटलं, काही कळवायचं असलं तर ते या पत्त्यावर कळवतील. कोणता लिहू?

"हाच ना," त्या संगणकावर हात ठेवून म्हणाल्या.

हाच लिहिला. मेल आला की मला हाक मारायची, दाबायचं दोघांनी मिळून, असं ठरलं आहे.